तिरकी बसलेली बाई

१

“हे नाणं माझं नाही,” विजयराव म्हणाले, आणि पोह्यांच्या बशा घेऊन आलेल्या रत्नप्रभाबाई स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या.

टेबलावर मखमलीचा ट्रे उघडा होता. त्यात रोमन नाणी ओळीनं बसली होती, आणि त्यांतलं सगळ्यात लाडकं विजयरावांच्या तळहातावर होतं. टायबेरियस बादशहाचं चांदीचं देनारियस, आकारानं जुन्या चार आण्याएवढं. छाप्याला बादशहाचं मुंडकं, काट्याला खुर्चीवर बसलेली एक बाई. बारा वर्षं विजयराव हे नाणं अंगठ्यानं उलटसुलट करत आले होते. बातम्या बघताना, फोनवर बोलताना, देवाला नमस्कार करतानासुद्धा.

“बघू काका,” अदिती म्हणाली. ती संग्रहालयातून आली होती. भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि त्यासाठी विजयरावांची काही नाणी ती उसनी नेणार होती. तिनं भिंग डोळ्याला लावलं, नाणं कडेनं फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. “अस्सल आहे. ठसा ठोकून घडवलेलं, एकदम साफ कळतंय. हनुवटीवरची ही चीर मात्र खूप नंतरची वाटते.”

“चीर पहिल्यापासून आहे. आणि अस्सल असेल, नाही कोण म्हणतंय? पण माझं नाही. कुणीतरी बदललंय.”

अदितीनं सत्यजितकडे पाहिलं. सत्यजितनं फोन खाली ठेवला. विजयरावांचा हा एकुलता एक मुलगा आठवड्यासाठी पुण्याहून आला होता आणि आल्यापासून बापाकडे असा बघत होता, जसा माणूस गळणाऱ्या नळाकडे बघतो.

“बाबा, चोर अस्सल नाणं नेतो आणि त्याच्या जागी दुसरं अस्सल ठेवून जातो? त्याला काय मिळतं?”

अदिती ओशाळं हसली, “मी सोमवारी येऊ का?” म्हणाली आणि पोहे न खाताच गेली.

रत्नप्रभाबाईंना पोहे वाया गेल्याचं वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला. त्या याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांचे यजमान आणि विजयराव भेलच्या कारखान्यात एकाच विभागात होते, दोन्ही घरं एकाच वर्षी विदर्भातून भोपाळला आलेली. बाईंनी स्वतः उभी नोकरी ऑडिटमध्ये काढली होती. दुसऱ्यांच्या म्हणण्यावर शंका घेण्याचा सरकारनं त्यांना पगार दिला होता, आणि निवृत्त झाल्यापासून ते काम त्या फुकट करत होत्या. एखादी गोष्ट जुळली नाही की त्यांच्या पायाला भिंगरी लागे. आता लागली.

सत्यजितनं त्यांना बाल्कनीत बोलावलं. खाली शाहपुऱ्याच्या तळ्यावर मार्चमधलं वारं सैरावैरा सुटलं होतं.

“काकू, तुम्हीच बघितलंत. परवा गॅस चालू ठेवून फिरायला गेले. बँकेचा पिन विसरले. आता हे. मी यांना इथे एकटं ठेवून पुण्यात झोपू कसा?”

“मग काय ठरवलंस?”

“उद्या दुपारी ब्रोकर गिऱ्हाईक आणतोय, फ्लॅट बघायला. बाबा म्हणाले होते, डोकं ठिकाणावर आहे तोवर भोपाळ सोडणार नाही. मी म्हटलं, ठीक. आता तुम्हीच सांगा, आहे का ठिकाणावर?”

मुलगा वाईट नव्हता, हीच अडचण होती. वाईट असता तर बाईंना त्याच्याशी भांडता आलं असतं.

“उद्या दुपारपर्यंत थांब,” त्या म्हणाल्या. “तोवर कशावर सही करायची नाही.”

आत आल्या तर विजयराव ट्रेसमोर तसेच बसलेले. अंगठा हलत होता, पण हातात नाणं नव्हतं.

“वहिनी,” ते हळूच म्हणाले, “मला खरंच लागलंय का हो काही?”

२

“आधी मला हे सांगा भाऊजी, की तुमचं नाही हे तुम्हाला कळलं कशावरून?” रत्नप्रभाबाईंनी खुर्ची ओढली. “कुठे लिहून ठेवलंय?”

“लिहायचं कशाला? मी आहे ना.”

बाईंनी कपाळाला हात लावला. एवढा संग्रह, आणि वजनाची एक ओळ कागदावर नाही. हा माणूस त्यांच्या ऑफिसात असता तर त्यांनी पहिल्याच दिवशी त्याच्यावर शेरा मारला असता.

“बरं, सांगा.”

“हे बघा.” विजयरावांनी नाणं दोन बोटांत धरलं. “बादशहाचं डोकं सरळ धरायचं. आता कॅलेंडरचं पान उलटतात तसं उलटायचं, खालून वर. बाई कशी बसलीय?”

“चांगली ताठ बसलीय.”

“माझी बाई तिरकी बसते. खुर्चीवरून घसरायला आल्यासारखी. त्या काळी खालचा ठसा ठोकळ्यात पक्का, वरचा हातात धरायचे आणि हातोडा हाणायचे. हात थोडा वळला की मागची बाजू कलली. म्हणून तर मला हे नाणं आवडायचं. कुणा कारागिराचा हात वळला होता, दोन हजार वर्षांपूर्वी, जेवायची वेळ झाली असेल त्याची.”

“याचे फोटो असतील की.”

“आहेत. मागच्या वर्षी आमच्या नाणेसंग्राहक मंडळानं सगळ्यांच्या नाण्यांचे काढले, सगळ्यांना वाटले. पण उपयोग नाही. फोटो काढताना दोन्ही बाजू वेगवेगळ्या सरळ करून काढतात. पद्धतच आहे. फोटोत प्रत्येक बाई ताठच बसते.”

म्हणजे पुरावा एकच होता, विजयरावांचं डोकं. आणि खटला त्या डोक्यावरच चालला होता.

बाई उठल्या, दोनदा येरझारा घातल्या, आणि स्वयंपाकघरातून फडकं घेऊन आल्या. ट्रेवरून त्यांनी विजयरावांची नजर हटवली, फडक्याखाली हात घालून एक नाणं काढलं, त्यांना फक्त बादशहाचं तोंड दाखवलं आणि मूठ मिटली.

“मागे कोण आहे ते नका सांगू. उलटल्यावर कसा उभा राहतो ते सांगा.”

“ट्राजन. मागे देवी, डावीकडे थोडी झुकलेली.”

बाईंनी उलटलं. झुकलेली होती.

“पुढचं.”

“हेड्रियन. सरळ.”

सरळ होता. मग एक उलटाच, डोक्यावर उभा. मग एक घोडेस्वार, उताराला लागल्यासारखा. सत्यजित दारात येऊन उभा राहिला होता. ट्रेमधली सगळी नाणी संपली तरी विजयराव एकदाही चुकले नव्हते, आणि शेवटी शेवटी तर कंटाळून बाईंची मूठ मिटायच्या आत सांगत होते.

“बँकेचा पिन का विसरता मग?” सत्यजित म्हणाला.

“तो पिन मला कधी आवडला नाही,” विजयराव म्हणाले.

बाईंना हसू आलं. पण त्याहून जास्त त्यांना काही तरी टोचलं. डोकं ठिकाणावर होतं. म्हणजे नाणं खरोखरच बदललं होतं. आणि मग सत्यजितचा मघाचा प्रश्न आता जास्तच टोचू लागला. अस्सल ठेवून जाणाऱ्या चोराला काय मिळतं?

“तिरकी बाई शेवटची कधी पाहिली?”

“गुरुवारी. मंडळाचे लोक यायच्या आधी. नंतर ट्रे सगळ्यांसमोर उघडाच होता. काल मी हात लावला नाही, अदितीसाठी पुसून तयार ठेवला होता.”

“गुरुवारी कोण कोण होतं?”

“दोघंच आले. मिलिंद, ज्याच्या दुकानातून हे घेतलं. आणि केशव. चहा सत्यजितनं केला.”

बाई सत्यजितकडे वळल्या. “तू सांग, या नाण्यावरची बाई कशी बसते?”

“कोणती बाई?” सत्यजितनं विचारलं. बारा वर्षं बापाच्या हातात असलेल्या नाण्याला मागची बाजू असते हेच त्याला बहुतेक आज कळलं होतं.

त्याचं नाव बाईंनी मनातल्या मनात खोडलं. राहिले दोन.

“केशवभाऊजींना तर हे नाणं किती वर्षांपासून हवंय,” त्या म्हणाल्या.

“केशव?” विजयराव हसले. “तो या नाण्याला हातसुद्धा लावत नाही. शपथ घेतलीय त्यानं.”

३

महाराणा प्रताप नगरात दुपारी चालायचं म्हणजे कोचिंग क्लासच्या पोरांमधून वाट काढायची. मिलिंदचं दुकान त्या गर्दीत, एका झेरॉक्सवाल्याच्या मागे होतं. नाणी, जुनी तिकिटं, जुन्या नोटा. दुकानात उकडलेल्या अंड्याचा वास भरला होता.

“जेवत होतास का रे? जेव आधी.”

“जेवण नाही काकू, धंदा आहे.” मिलिंदनं काउंटरवरची प्लास्टिकची डबी उघडून दाखवली. आत अर्धं अंडं, आणि अंड्याशेजारी कागदावर दोन चांदीची नाणी. “लोक दिवाळीला नाणी चिंचेनं घासून चकचकीत करतात आणि मग माझ्याकडे विकायला आणतात. चकचकीत जुनं नाणं कोण घेणार? उकडलेल्या अंड्याबरोबर झाकून ठेवलं की चांदी काळवंडते, जुनी दिसते. हे सगळ्या कलेक्टर लोकांना माहिती असतं, सांगत कुणी नाही. तुम्ही विजयकाकांच्या नाण्यासाठी आलात ना?”

“तुला कसं कळलं?”

“अदितीचा फोन होता.” त्यानं डबी बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. “मी आधीच सांगतो काकू. विकलेलं नाणं मी परत घेत नाही.”

“परत द्यायला कुणी आलंय का? आणि ते तर अस्सल निघालं. तू का घाबरतोस?”

मिलिंद गप्प झाला. गप्प बसणाऱ्या माणसाला बोलू द्यायचं असेल तर आपणही गप्प बसायचं, हे बाईंना ऑफिसनं शिकवलं होतं. त्या काउंटरवरच्या जुन्या तिकिटांकडे बघत बसल्या.

“खरं सांगू?” मिलिंद म्हणाला. “अस्सल निघालं हे ऐकून मलाच आश्चर्य वाटलं. तेव्हा मी नवा होतो. एका फिरत्या माणसाकडून लॉट घेतला होता. त्यातलं बाकी सगळं नंतर ओतीव निघालं, साच्यातलं. कुणी हुशारीनं केलेलं. विजयकाकांचं एकच नाणं बाहेर राहिलं होतं तपासायचं. मी दर गुरुवारी त्यांच्याकडे जातो आणि त्या नाण्याकडे बघत नाही.”

“म्हणजे अदितीनं ते बनावट ठरवलं असतं तर तुझं नाव गेलं असतं.”

“गेलं असतंच की.”

“मग गुरुवारी तूच ते बदललंस. खरं नाणं ठेवलंस, खोटं खिशात घातलंस. कुणाला काही कळणार नव्हतं.”

मिलिंदनं ते नाकारलं नाही, तो संतापलाही नाही. उलट त्याला ती कल्पना आवडल्यासारखी दिसली, आणि आपल्याला सुचली नाही याचं थोडं वाईट वाटल्यासारखंही.

“सुचलं पाहिजे होतं,” तो म्हणाला. “पण काकू, तसं नाणं मिळवायचं कुठून? टायबेरियस मिळेल, पण तिरकी बाई कुठून आणू? पूर्ण लॉटमध्ये ती तेवढी एक तिरकी होती. मी पैसे कमी लावले ते त्याच्यासाठी, आणि काका म्हणाले, मला तीच पाहिजे.”

रत्नप्रभाबाईंनी पर्स उचलली. चोराला जे लपवायचं असतं ते तो आपण होऊन सांगत नाही. मिलिंदला बाईचं तिरकं बसणं ठाऊक होतं. त्यानं बदललं असतं तर त्याला माहीत असतं, की पहिल्यांदा उलटताच विजयराव ओळखणार.

ज्यानं बदललं त्याला बाकी सगळं माहीत होतं. चीर, झीज, चेहरा. फक्त ही एक गोष्ट माहीत नव्हती.

त्या रिक्षात बसल्या आणि रिक्षावाल्यानं “कहाँ जाना है आंटी” असं विचारेपर्यंत पत्ता सांगायचाच विसरल्या.

“कोटरा सुल्तानाबाद,” त्या म्हणाल्या. “जल्दी चलो, भैया.”

४

केशवरावांच्या घरी दार त्यांच्या बायकोनं, सुनंदाबाईंनी उघडलं आणि उघडल्याबरोबर तक्रार सुरू केली. एरवी रत्नप्रभाबाईंनी ती अर्ध्यावर तोडली असती.

“बरं झालं आलात. सांगा यांना काही. आमच्या घरात कधी अंडं आलं नाही. माझ्या सासूबाई तर अंडं विकणाऱ्याच्या दुकानावरून जाताना पदर नाकाला लावायच्या. आणि हा माणूस या वयात पिशवीतून अंडी घेऊन आला. उकडलीही स्वतः, माझ्या दुधाच्या पातेल्यात.”

“डॉक्टरांनी सांगितलं असेल.”

“मग खावीत ना. खाल्लं एकही नाही. पातेलं गेलं ते गेलं, अंडी कुत्र्याला घातली.”

“सुनंदा, चहा,” आतून केशवरावांचा आवाज आला.

रत्नप्रभाबाई बसल्या. केशवराव शेजारच्या खुर्चीत होते, नीट विंचरलेले केस, घरातही घड्याळ. विजयरावांचे सर्वांत जुने मित्र, आणि मित्रानं काही चांगलं केलेलं सहन न होणारे. विजयरावांनी टायबेरियस मिलिंदकडून यांच्या नाकासमोरून उचललं, सकाळी लवकर पोचून. त्या दिवशी केशवरावांनी सगळ्या मंडळासमोर सांगितलं की या नाण्याला मी आयुष्यात बोट लावणार नाही. बारा वर्षं ते विजयरावांकडे दर गुरुवारी जात, इतर सगळी नाणी हाताळत, आणि टायबेरियस ट्रेसह समोर आला की हात मागे बांधून बघत.

“ऐकलंत का,” बाई म्हणाल्या, “विजयभाऊजी म्हणतात नाणं बदललं.”

“ऐकलं. अदिती तर म्हणते अस्सल आहे. म्हातारा झाला विजय. नशीब म्हणायचं, एवढ्या वर्षांत एक तरी खरं नाणं घेतलंन.”

“विजयभाऊजी म्हणायचे, तुमच्याकडेही होतं ना एक टायबेरियस? तुमच्या वडिलांचं. बघू या का?”

“विकलं,” केशवराव म्हणाले. जरा पटकन म्हणाले.

“कुणाला?”

“होता एक इंदूरचा.”

“मला यातलं काही कळत नाही,” बाईंनी चहाचा कप घेतला. “पण विजयभाऊजींच्या नाण्यावर मागे बाई आहे ना, ती कशी बसलीय हो? सरळ की तिरकी?”

“सरळ. ताठ. सगळ्यांचीच सरळ असते. फोटो आहे माझ्याकडे, दाखवू?”

ते उठून फोटो आणायला गेलेही. बाईंनी कप खाली ठेवला. सुनंदाबाई आत पातेलं घासत होत्या, आणि त्या घासण्यातला राग बाहेरपर्यंत येत होता.

फोटो आला. छाप्याचा आणि काट्याचा, दोन्ही शेजारी शेजारी, दोन्ही ताठ.

“केशवभाऊजी,” बाई म्हणाल्या, “तुमची शपथ फार महागात पडली तुम्हाला.”

५

“म्हणजे?”

“एकदा जरी ते नाणं हातात घेऊन उलटलं असतंत ना, तर कळलं असतं. विजयभाऊजींची बाई तिरकी बसते. मिलिंदला माहीत आहे, विजयभाऊजींना माहीत आहे. फोटोवरून ओळखणाऱ्या माणसाला तेवढं माहीत नसतं.”

केशवरावांनी फोटो उलटा करून मांडीवर ठेवला.

“तुम्ही वडिलांचं टायबेरियस काढलंत. फोटो समोर ठेवून त्याच्या हनुवटीवर कानशीनं चीर पाडलीत. नवी चीर चमकते, म्हणून अंडी उकडलीत, आणि चीर काळी पडेपर्यंत नाणं त्यांच्याजवळ झाकून ठेवलंत. गुरुवारी, ज्याला हात न लावण्याबद्दल तुम्ही प्रसिद्ध आहात, त्या एकाच नाण्याला तुम्ही हात लावलात. तिकडे कोण बघणार होतं? मला फक्त एवढंच कळत नाही, की तुम्हाला कळलं कसं. विजयभाऊजींचं नाणं खोटं आहे हे.”

केशवराव बोलले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा टोचरा नव्हता.

“नागपूरला प्रदर्शनात गेलो होतो. एका टेबलावर तेच नाणं. हनुवटीवर तीच चीर, कानामागे तोच खड्डा. वहिनी, दोन नाण्यांवर एक चीर पडत नाही. पडली असेल तर दोन्ही एकाच साच्यातून निघालेली. मी घरी येऊन फोटो लावून बघितला. लावून लावून बघितला.”

“आणि भाऊजींना सांगितलं नाहीत.”

“काय सांगू? मी बारा वर्षं म्हणत होतो, विजय, तुझं नाणं भट्टीतलं आहे. मला वाटायचं मी जळफळाट करतोय. आणि माझं म्हणणं निघालं खरं. चेष्टेत म्हणायचं ते आता तोंडानं म्हणवत नव्हतं. मग ती अदिती येणार म्हणून कळलं. सगळ्यांसमोर तिनं भिंग लावून म्हणावं, काका, हे नकली आहे? त्यानं हजार लोकांना सांगितलंय त्या कारागिराच्या हाताबद्दल.”

“त्याच हाताबद्दल तुम्ही नीट ऐकलं असतंत तर बरं झालं असतं.”

“तो बोलायला लागला की मी ऐकत नाही. कुणीच ऐकत नाही.”

रत्नप्रभाबाई उठल्या. त्यांना बसवत नव्हतं. उद्या दुपारी ब्रोकर येणार होता. ही माणसं एकमेकांना वाचवता वाचवता घर विकायला काढतील हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

“चला माझ्याबरोबर.”

“नाही. वहिनी, हात जोडतो. नाणं नकली होतं हे सांगू नका त्याला. विसराळू म्हणोत लोक. म्हातारपणी सगळेच विसरतात, त्यात लाज नाही. पण बारा वर्षं खोटं नाणं कुरवाळलं, हे त्याला कळलं तर तो पुन्हा नाणं हातात धरणार नाही.”

“आणि विसराळू ठरले तर पुण्याला जातील.”

केशवरावांना ब्रोकरचं माहीत नव्हतं, हे बाईंना त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

“पुण्याला? कायमचा?”

“सत्यजितनं उद्या गिऱ्हाईक बोलावलंय.”

“मग काय करायचं?”

“ते मला विचारू नका,” बाई म्हणाल्या. “मूर्ख ठरायचं की वेडं, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. तुम्ही दोघंही, सत्यजित आणि तुम्ही, त्यांच्या वतीनं ठरवत बसलायत.”

त्या निघाल्या. रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की केशवराव मागून आलेले नाहीत. हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते.

६

रविवारी दुपारी रत्नप्रभाबाई खाली उतरल्या तेव्हा विजयरावांच्या हॉलमधल्या भिंतीवरची चित्रं उतरवून ठेवलेली होती. घर मोठं दिसतं म्हणे.

“काकू,” सत्यजित म्हणाला, “ते लोक येतीलच.”

“येऊ देत. भाऊजी, इकडे बसा. तू पण बस रे.”

विजयराव बसले. रात्री झोप झालेली दिसत नव्हती. समोर ट्रे होता आणि त्यात ताठ बाई.

“नाणं बदललंय,” बाई म्हणाल्या. “तुमचं म्हणणं बरोबर आहे. तुमची बाई तिरकीच होती, मिलिंदनंही तेच सांगितलं. तुमचं डोकं ठिकाणावर आहे.”

विजयरावांनी एक लांब श्वास सोडला. मग त्यांचे डोळे बारीक झाले. उभं आयुष्य माणसं तपासणाऱ्या बाईंना त्या क्षणी वाटलं, आपण बदली मागून घ्यावी.

“पण ठेवलेलं अस्सल आहे,” विजयराव सावकाश म्हणाले. “मग नेलेलं...”

बेल वाजली. सत्यजितनं दार उघडलं. ब्रोकर नव्हता. केशवराव होते, घामाघूम, जिना चढून दमलेले. त्यांनी कुणाकडे न बघता खिशातून कागदाची पुडी काढली, सोडली आणि नाणं विजयरावांसमोर ठेवलं. हातात दिलं नाही, ठेवलं.

“मी नेलं होतं,” ते म्हणाले. “नकली आहे, विजय. नागपुरात याचं जुळं बघितलं.”

विजयरावांनी नाणं उचललं. अंगठा आपोआप हलला, खालून वर. तिरकी बाई घसरायला आलेली. त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी निवलं, जसं घरचं माणूस स्टेशनवर दिसलं की निवतं.

“हीच,” ते म्हणाले.

मग त्यांनी भिंग मागितलं. बाईंनी दिलं. विजयरावांनी बादशहा पाहिला नाही, बाई पाहिली नाही. त्यांनी नाणं आडवं धरलं आणि त्याची कड बघू लागले. बघतच राहिले. केशवराव उभेच होते. सत्यजितनं एकदा घड्याळाकडे पाहिलं, मग पाहणं सोडून दिलं.

“ओतीव आहे,” विजयराव अखेर म्हणाले. “कडेवर शिवण आहे. कानशीनं घासलीय, पण आहे. इथे. ठसा ठोकलेल्या नाण्याला शिवण नसते.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “बारा वर्षं मी याच्या दोन्ही बाजू बघितल्या. कड बघितली नाही.”

“विजय,” केशवराव म्हणाले, “माझी चूक...”

“तू गप्प बस.” विजयराव सत्यजितकडे वळले. “मी फसलो. बारा वर्षांपूर्वी फसलो. तेव्हा मी भेलमध्ये नोकरी करत होतो आणि तू मला हुशार समजत होतास. तेव्हा नेलं असतंस पुण्याला तर योग्य होतं. आज कशाला?”

सत्यजितनं मान खाली घातली. पण ती शरमेनं घातली की हसू लपवायला, हे सांगणं बाईंना जमलं नाही.

“आणि गॅस?” त्यानं विचारलं.

“गॅस बंद करायचा राहतो. ते खरं आहे. त्यासाठी आपोआप बंद होणारी शेगडी मिळते. भोपाळमध्ये मिळते.”

विजयरावांनी आता दुसरं नाणं घेतलं, ताठ बाईचं. ते भिंगाखाली धरलं आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. रत्नप्रभाबाईंना वाटलं, आता भरून येणार. मित्रानं आपल्या वडिलांचं नाणं ठेवलं, गुपचूप, नाव न सांगता. असं कुणाला भरून येणार नाही?

“ही चीर,” विजयराव म्हणाले, “कानशीनं पाडलीस?”

“हो.”

“खऱ्या नाण्याला?”

“तुझ्यासारखं दिसायला हवं होतं ना.”

“दोन हजार वर्षं जे नाणं समुद्रातून आलं, जमिनीत राहिलं, तुझ्या वडिलांनी जपलं, त्याला तू कानस लावलीस? माझं खोटं होतं तर होतं. अदिती म्हणाली असती नकली, मी म्हणालो असतो बरं. त्यासाठी तू टायबेरियसची हनुवटी कापलीस?”

“तुझ्यासाठी कापली.”

“मी सांगितलं होतं का कापायला? आणि वर काळं कशानं केलंस? अंड्यानं? गंधकानं? पुढच्या वर्षी बघ त्याची काय दशा होते ती.”

“मला शिकवतोस? मी तुझ्याआधी नाणी गोळा करतोय.”

“गोळा करतोस, ओळखत नाहीस. बाई सरळ आहे की तिरकी एवढं बघता आलं नाही तुला.”

“तू बघायला दिलंस कधी? बारा वर्षं चिकटून बसलास त्याला.”

“शपथ तू घेतलीस.”

“तू सकाळी लवकर गेलास म्हणून घेतली.”

रत्नप्रभाबाईंनी चित्रांपैकी एक उचलून भिंतीवर खिळ्याला अडकवलं. मग दुसरं. ते दोघे टायबेरियस सोडून आता बारा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी पोचले होते, मिलिंदच्या दुकानाच्या शटरपर्यंत, आणि कुणाची स्कूटर कुठे उभी होती इथपर्यंत सगळं दोघांनाही स्वच्छ आठवत होतं.

सत्यजितचा फोन वाजला. त्यानं बाल्कनीचं दार ओढून घेतलं, पण वाऱ्यानं ते पुन्हा उघडलं आणि बाईंना ऐकू आलं.

“नहीं भाईसाहब, पार्टी को वापस ले जाइए... नहीं, अभी नहीं बेचना... पापाजी? हाँ, ठीक हैं।” त्यानं हॉलमध्ये एकदा वळून पाहिलं. “बिल्कुल ठीक हैं। झगड़ रहे हैं।”